सकाळचं वजन, दुपारचं वजन: जिनिंगच्या काट्यातल्या एका रेझिस्टरचं प्रकरण

हिंगणघाट ते वणी या कापसाच्या पट्ट्यातली एक जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारा कारखाना. नाव देत नाही, गावही सांगत नाही. २०२४-२५च्या हंगामात तिथल्या वजनकाट्यावरून वाद पेटला होता. शेतकऱ्यांचं म्हणणं एका वाक्यात मावणारं होतं: "सकायी गाडी बराबर भरते, दुपारी तीच गाडी कमी येते, काट्यात काहीतरी गोम हाये." जिनिंगवाल्यांचं उत्तरही तयार होतं. सकाळी कापसावर दव असतं, उन्हं चढली की ओल उडते, वजन घटणारच. दोन्ही बाजू आपापल्या जागी प्रामाणिक होत्या. म्हणूनच वाद मिटत नव्हता.

काटा ४० टनी, जमिनीवर बसवलेला, ५ किलोच्या भागांचा, म्हणजे आकडा पाच-पाच किलोंनी बदलणारा. त्यावर वैधमापन विभागाचा शिक्का होता आणि तो ताजा होता. पावसाळ्यात जवळच वीज पडली, तेव्हा केबिनमधला इंडिकेटर, म्हणजे वजनाचा आकडा दाखवणारा डबा, गेला. तो दुरुस्त होऊन आला, प्रमाणित वजनं ठेवून पडताळणी झाली आणि मगच शिक्का बसला. नियमात कुठे कसूर नव्हती. मालकांचं म्हणणं होतं, "काटा पास आहे, आता आम्ही आणखी काय करायचं?" हे त्यांनी मनापासून विचारलं होतं, आणि त्या प्रश्नाला नीट उत्तर मिळायला हवं होतं. उपकरणांच्या दुरुस्तीतला माणूस म्हणून ते शोधायला मला बोलावलं गेलं.

आधी ओलीचा मुद्दा निकालात काढणं भाग होतं. कापसात ओलावा असतोच. सरकारी खरेदीत ८ टक्क्यांपर्यंतचा ओलावा पूर्ण हमीभावाला धरतात, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत भावात कपात होते. त्यामुळे जिनिंगवाल्यांचं म्हणणं हवेतलं नव्हतं. पण दाबून भरलेल्या ट्रॉलीतली ओल वरच्या थरातून जाते. रांगेत तीन-चार तास उभी राहिलेली ट्रॉली त्याने किती हलकी होईल, यावर दिवसभर वाद घालता आला असता. त्यापेक्षा ज्यात ओलीचा प्रश्नच नाही असा माल काट्यावर चढवणं सोपं. शेजारच्या रस्त्याच्या कामावरून कोरड्या गिट्टीने भरलेला ट्रॅक्टर आणला. सकाळी आठला वजन आलं ९,०२० किलो. ट्रॅक्टर बाजूला उभा केला, डिझेल काढलं नाही की घातलं नाही. दुपारी तीनला तोच ट्रॅक्टर ८,९९५ भरला. प्रत्येक वेळी आधी रिकामा काटा शून्यावर आणला होता.

गिट्टी सुकून २५ किलो घटत नाही. तिथे जमलेल्या शेतकऱ्यांनी हे आकडे स्वतः पाहिले आणि तिथेच वादाचा सूर बदलला. "काट्यात गोम आहे" म्हणजे "कोणीतरी गोम केली आहे" असं आतापर्यंत धरलं जात होतं. आता प्रश्न उरला तो गोम नेमकी कुठे बसली आहे याचा.

बेरजेची चूक की गुणाकाराची?

काट्याच्या पोटात काय चालतं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. लोखंडी प्लॅटफॉर्मखाली वजनाचा विजेचा सिग्नल करणारे लोड सेल असतात. प्रत्येक लोड सेलमध्ये चार स्ट्रेन गेजांचा, म्हणजे ताणाबरोबर रोध (विजेला होणारा अडथळा) बदलणाऱ्या बारीक पट्ट्यांचा, पूल म्हणजे जोडणी असते. वजन पडलं की धातू सूक्ष्म वाकतो, गेजांचा रोध बदलतो आणि पुलाच्या टोकांवर अगदी बारीक व्होल्टेज येतं. १० व्होल्ट दिले आणि लोड सेल २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्टचा असला, तर पूर्ण क्षमतेलासुद्धा हाती येतात फक्त २० मिलिव्होल्ट. एवढ्या बारीक सिग्नलला इंडिकेटरमधला ॲम्प्लिफायर दोनशे पटीच्या आसपास मोठा करतो, मग त्याचा आकडा होतो आणि पडद्यावर किलो दिसतात.

आता चूक दोन प्रकारची असू शकते. पहिला प्रकार बेरजेचा: जंक्शन बॉक्समध्ये पाणी शिरलं, केबल उंदराने कुरतडली, की सिग्नलमध्ये काहीतरी मिसळतं किंवा त्यातून गळतं. यातलं जे हळूहळू सरकतं, ते रिकाम्या काट्यावर शून्य दाबलं की बहुतेक पुसलं जातं. दुसरा प्रकार गुणाकाराचा: मोठं करण्याची पटच बदलते. हे शून्य दाबून जात नाही. जेवढं वजन जास्त, तेवढी चूक मोठी. आमच्या गिट्टीच्या ट्रॅक्टरने शून्य दाबल्यावरही २५ किलो गमावले होते, म्हणजे संशय गुणाकारावर.

यात एक गोष्ट सगळ्यांना आंधळं करत होती. इंडिकेटरमध्ये ऑटो झिरो नावाची सोय असते. रिकाम्या काट्याचं शून्य हळूहळू सरकलं, तर ती कुणाला न सांगता परत शून्यावर आणते. धूळ, चिखल, पावसाचं पाणी यांच्यासाठी ही सोय चांगलीच आहे. पण तिने इथे मोठा पुरावा झाकून ठेवला होता. ती बंद करून काटा दिवसभर रिकामा ठेवला, तेव्हा सकाळी शून्य असलेला आकडा तीनच्या सुमारास उणे २० वर गेला होता. प्लॅटफॉर्मचं स्वतःचं लोखंड अंदाजे सात टन. सात टनांवर २० किलो, नऊ टनांवर २५ किलो. दोन्हीचं प्रमाण एकच, पाव टक्क्याहून किंचित जास्त. पट घटते आहे यावर मला याहून स्वच्छ पुरावा नको होता.

आता पट कशाने घटते? केबिन टिनाच्या छताची. खिडकीतून दुपारचं ऊन थेट इंडिकेटरच्या डब्यावर पडत होतं. डब्याच्या आत थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) सोडून मोजलं, तर सकाळी १७ अंश आणि दुपारी ४६ अंश. म्हणजे २९ अंशांचा फरक, आणि हा हिवाळा. काट्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत, ओआयएमएल आर७६ मध्ये, तिसऱ्या वर्गाच्या (व्यापारात वापरतात त्या अचूकतेच्या) काट्याने उणे १० ते ४० अंशांत चुकीच्या मर्यादेत राहावं असं धरलेलं असतं. आपल्याकडे उन्हाळ्यात बाहेरच्या सावलीतच पारा ४० च्या वर जातो.

तरी एक शंका शिल्लक होती. लोड सेलसुद्धा उन्हात तापतात. त्यांना वेगळं काढण्यासाठी लोड सेलची केबल सोडवली आणि तिच्या जागी ३५० ओहमच्या (ओहम हे रोधाचं माप) अचूक रेझिस्टरांचा, म्हणजे ठरावीक रोध देणाऱ्या भागांचा, तयार पूल जोडला. याला सिम्युलेटर म्हणतात. तो केबिनबाहेर सावलीत ठेवला, म्हणजे तापणार फक्त इंडिकेटर. तरीही आकडा सकाळपासून दुपारपर्यंत त्याच प्रमाणात खाली आला. लोड सेल सुटले. पुलाला जाणारं १० व्होल्टही संशयाबाहेर, कारण आकडा करणारी चिप त्याच व्होल्टेजशी तुलना करून मोजते. ते थोडं हललं तरी दोन्हीकडे सारखंच हलतं.

तीन रेझिस्टर, त्यातला एक परका

डबा उघडायचा म्हणजे शिक्का तोडायचा. हे कोणीही उठून करू शकत नाही. परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याला बोलावलं, काटा बंद असल्याचा बोर्ड लागला आणि गाड्या तेवढ्या दिवसांपुरत्या दुसऱ्या काट्यावर वळवल्या. ऐन हंगामात मालकांनी हे मान्य केलं, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

इंडिकेटर जुन्या घडणीचा. आजकालच्या चिपांमध्ये पट आतच ठरते. इथे ती बाहेरच्या तीन रेझिस्टरांवर होती: दोन १०० किलोओहमचे आणि त्यांच्यामध्ये एक १ किलोओहमचा. पट येते दोनशे एक. मधल्या रेझिस्टरचा रोध वाढला की पट तेवढ्याच प्रमाणात घटते. भिंग लावून पाहिलं, तर दोघांवर १००३ आणि मधल्यावर १००१ असे छापील आकडे होते (शेवटचा अंक म्हणजे पुढे किती शून्यं ते). तिन्ही बरोबर. फक्त मधल्याचं सोल्डर जास्त चकचकीत होतं आणि कडेला फ्लक्सचा, म्हणजे सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात त्या रसायनाचा, पिवळट डाग होता. वीज पडल्यानंतरच्या दुरुस्तीत तो बदलला होता.

गार करणारा स्प्रे नळीतून फक्त त्याच्यावर सोडला आणि आकडा लगेच वर चढला. शेजारच्या दोघांवर सोडला तर जेमतेम हलला. काढून मोजला: २५ अंशांना १,०००.४ ओहम, ६० अंशांना १,००३.७ ओहम. ३५ अंशांत ३.३ ओहमची वाढ. म्हणजे दर अंशाला दशलक्षात ९४ भाग, आमच्या भाषेत ९४ पीपीएम. २९ अंशांना गुणलं की ०.२७ टक्के. सात टनांवर १९ किलो, नऊ टनांवर साडेचोवीस किलो. काट्याचे भाग ५ किलोचे असल्याने पडद्यावर तेच २० आणि २५ दिसत होते.

रेझिस्टर खराब नव्हता, हे मला ठासून सांगायचं आहे. तो १ टक्का अचूकतेचा साधा थिक फिल्म रेझिस्टर होता, आणि त्या जातीत १०० पीपीएम हे सर्वसाधारण मानलं जातं. २५ अंशांना तो जवळजवळ तंतोतंत १ किलोओहम होता. ज्याने बसवला त्याने वरचा आकडा वाचला, आपल्या पाकिटातला त्याच आकड्याचा घेतला, मीटरने तपासला आणि लावला. पण रेझिस्टरवरचे चार आकडे फक्त ओहम सांगतात. रोध तापमानाबरोबर किती सरकतो, म्हणजे टीसीआर, याबद्दल ते एक अक्षर बोलत नाहीत. ५ पीपीएमवाल्यावरही १००१ आणि २०० पीपीएमवाल्यावरही १००१. ०६०३ या आणखी छोट्या आकारात तर तीन अक्षरी संकेत येतो, ०१बी म्हणजे १ किलोओहम, पण गोष्ट तीच.

हा फरक येतो घडणीतून. थिक फिल्ममध्ये रुथेनियम ऑक्साइड आणि काचेची पेस्ट ॲल्युमिनाच्या तुकड्यावर छापतात आणि ८५० अंशांच्या आसपास भट्टीत भाजतात. स्वस्त, दणकट, कुठेही चालणारा. थिन फिल्ममध्ये निर्वातात निक्रोमसारख्या धातूचा अतिशय पातळ थर चढवतात आणि लेझरने कापून रोध जुळवतात. त्यात २५, १०, अगदी ५ पीपीएमपर्यंत जाता येतं. त्याही वर मेटल फॉइल. फेलिक्स झँडमन यांनी १९६२मध्ये विशे ही कंपनी काढली ती याच कल्पनेवर, आणि तिथे टीसीआर दोन पीपीएमच्याही खाली उतरतो. किंमतही तशीच चढते.

थिन फिल्मचा एक कच्चा दुवा आहे आणि तो या प्रकरणाच्या मुळाशी आहे. तो पातळ थर विजेचा झटका थिक फिल्मइतका सोसत नाही. लोड सेलची लांब केबल शेतातल्या विजेचा धक्का थेट याच जागी आणून सोडते. म्हणजे पावसाळ्यात बोर्डवरचा सगळ्यात अचूक भाग सगळ्यात आधी जातो, आणि तालुक्याच्या गावी त्याच्या जागी मिळतो तो १ टक्केवाला थिक फिल्म. हे चक्र विदर्भातल्या किती काट्यांत, किती पंप कंट्रोलरांत फिरत असेल याचा विचार केला की मन अस्वस्थ होतं.

पडताळणीत हे का निसटलं, तेही आता उघड होतं. दुरुस्तीनंतर काटा जुळवला आणि तपासला तो एकाच वेळी, सकाळच्या गारव्यात. त्या तापमानाला तो बरोबरच होता. प्रमाणित वजनं ठेवणाऱ्यांनी आपलं काम चोख केलं होतं.

गंधकाचीही शंका कोणीतरी काढली होती, आणि ती अगदीच फोल नव्हती. जिनिंगच्या आवारात खताची पोती होती, त्यात सोयाबीनसाठीचं गंधक होतं. साध्या थिक फिल्म रेझिस्टरच्या टोकांखाली चांदीचा थर असतो. गंधकाची वाफ आत शिरली की चांदीचं सल्फाइड होतं, रोध वाढत जातो आणि शेवटी जोडच तुटतो. पण तो रोग एकाच दिशेने जातो. आमचा आकडा रात्री परत जागेवर येत होता. तापमानाबरोबर जाऊन येणाऱ्या चुकीचं खापर गंधकावर फोडता येत नाही.

काय लावलं

दुकानदाराने सुचवलं, "साहेब, ऑटोमोटिव्ह ग्रेड घ्या, सगळ्यात भारी." हा गैरसमज फार पसरलेला आहे. ऑटोमोटिव्ह ग्रेड म्हणजे सहसा एईसी-क्यू२०० या चाचण्या पार केलेला भाग: उणे ५५ ते १२५ अंशांत हजार चक्रं, ८५ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेत हजार तास, वाकवणं, हादरे. गाडीच्या इंजिनाजवळ वर्षानुवर्षं टिकण्याची ती परीक्षा आहे. क्यू२०० पास झालेला रेझिस्टर १०० पीपीएमचा असू शकतो, बहुधा असतोच. टिकाऊपणा वेगळा, स्थिरपणा वेगळा. ई-रिक्षाच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत दोन्ही लागतात. तिथे सेलचं व्होल्टेज बराच काळ ३.२ ते ३.३च्या आसपास सपाट राहतं, आणि मोजणाऱ्या रेझिस्टरांनी ०.३ टक्के गडबड केली तर १० मिलिव्होल्टची चूक होते. तेवढ्यात बॅटरी किती भरली आहे याचा अंदाज पार चुकतो. काट्याला मात्र आधी स्थिरपणा हवा होता.

फक्त मधला रेझिस्टर १० पीपीएमचा लावून भागलं असतं का? मूळचे दोन १०० किलोओहमवाले २५ पीपीएमचे होते. वाईटात वाईट धरलं, एक वर सरकतोय आणि दुसरे खाली, तर फरक ३५ पीपीएम. ३० अंशांना ०.१ टक्क्याच्या थोडं वर. कापसाची भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरसकट सहा टनांची धरली, तर सहा किलोंच्या पुढे. तिसऱ्या वर्गाच्या काट्याला पडताळणीच्या वेळी ५०० ते २,००० भागांच्या टप्प्यात एका भागाची चूक चालते, म्हणजे इथे ५ किलो. सहा टन म्हणजे १,२०० भाग, त्याच टप्प्यात. ती मर्यादा एका रेझिस्टरने खाऊन टाकायची आणि लोड सेलसाठी काहीच उरवायचं नाही, हे मला पटत नव्हतं. तिन्ही ०.१ टक्का, १० पीपीएमचे, एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतले घेतले. आता वाईटात वाईट २० पीपीएम, सहा टनांवर साडेतीन किलोंच्या आसपास. एकाच मालिकेतले भाग सहसा एकाच दिशेने सरकतात, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहूनही कमी.

ते तालुक्यात मिळाले नाहीत. मुंबईहून मागवावे लागले. एकेकाची किंमत काही रुपये, साध्याची काही पैसे. तिघांचा खर्च दोन-चार कप चहाचा, त्याहून कुरियरच महाग. सोल्डर करताना सोल्डरिंग आयर्न कमी वेळ टेकवलं, फ्लक्स धुऊन काढला आणि वर संरक्षक लेप दिला, कारण निक्रोमच्या थराला ओल आणि व्होल्टेज एकत्र मानवत नाहीत आणि आपला पावसाळा लांब. केबलच्या तोंडाशी झटका पिऊन टाकणारे भाग बसवले, अर्थिंगचा खड्डा नव्याने केला. खिडकीला पडदा लावला. पडदा सगळ्यात स्वस्त होता आणि डब्याचं दुपारचं तापमान त्यानेच सगळ्यात जास्त उतरवलं.

पुन्हा पडताळणी झाली. यावेळी विनंती करून सकाळी आणि दुपारी, दोन्ही वेळा वजनं ठेवली. गिट्टीचा ट्रॅक्टर परत आणला. दोन्ही वेळा ९,०२०.

पावत्यांचा प्रश्न

तांत्रिक भाग इथे संपला, पण ज्यांचं वजन कमी भरलं त्यांचं काय? जिनिंगमध्ये गाडी दोनदा मोजतात, आधी भरलेली आणि मग रिकामी. दोन्ही वेळा पावतीवर छापलेल्या असतात. त्यामुळे हिशेब करता येत होता. पंचवीस क्विंटल कापसाची ट्रॉली दुपारच्या उन्हात भरलेली आणि रिकामी, दोन्ही वेळा मोजली असेल, तर घट सात किलोंची. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता, त्या भावाने सव्वापाचशेच्या आसपास. भरलेली दुपारी आणि रिकामी संध्याकाळी गारव्यात मोजली असेल, तर घट सोळा किलोंची, बाराशे रुपये. ज्याची भरलेली गाडी सकाळी आणि रिकामी दुपारी मोजली गेली, त्याला उलट नऊ-साडेनऊ किलो जास्त मिळाले होते.

मालकांनी दुपारच्या पावत्या घेऊन येणाऱ्यांना फरक दिला. जास्त मिळालेल्यांकडे मागितलं नाही. काहींच्या पावत्या हरवल्या होत्या, त्यांचा निर्णय गावातल्या चार जाणत्या माणसांसमोर बसून झाला. सगळेच समाधानी झाले असं म्हणणार नाही. एका काकांचं म्हणणं होतं की शिक्का असलेल्या काट्यावर विश्वास ठेवला, आता कशावर ठेवायचा. त्यांना मी गिट्टीच्या चाचणीचे आकडे परत दाखवले आणि सांगितलं की ही चाचणी कोणताही शेतकरी मागू शकतो. भरलेली तीच गाडी सकाळी आणि दुपारी, आणि दोन्ही वेळा आधी रिकाम्या काट्याचं शून्य डोळ्यांनी पाहून.

इंडिकेटरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला आता एक कागद चिकटवलेला आहे. तिन्ही रेझिस्टरांचा रोध, अचूकता, टीसीआर, फिल्मचा प्रकार, मालिका क्रमांक आणि बदलल्याची तारीख त्यावर आहे. पुढच्या पावसाळ्यात वीज पडली आणि हा डबा कुणाच्याही टेबलावर गेला, तर त्याने १००१ एवढंच वाचून भागवू नये म्हणून. दोन जादा संच त्याच डब्यात, ओल धरणार नाही अशा पाकिटात ठेवले आहेत.